कॉलेजचं लेडीज हॉस्टेल, फर्स्ट इयर: सप्टेंबर ते एप्रिल राहून झाल्यावरचा अनुभव

सध्या सीईटीचे पेपर चालू आहेत आणि गावाकडच्या ओळखीतल्या पोरींचे मेसेज सुरू झालेत, ताई हॉस्टेल घेऊ का बाहेर रूम बघू. प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून आता एकदाच सगळं टाइप करून टाकते. मी परभणी जिल्ह्यातली, पुण्यात इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला, कॅम्पसमधल्याच मुलींच्या हॉस्टेलला राहते. कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, अजून तीन वर्षं तिथंच काढायचीत.

आधी निकाल सांगते, मिळत असेल तर घ्याच. फक्त बघायला याल तेव्हा रूम बघत बसू नका. रूम सगळ्या सारख्याच, तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, एक कपाट ज्याचा एक दरवाजा लागत नाही. आमच्या मम्मीनं पहिल्या दिवशी अर्धा तास भिंतीचा रंग आणि खिडकीची जाळी बघण्यात घालवला, आणि जे विचारायला पाहिजे होतं ते कुणी विचारलंच नाही: गरम पाणी किती ते किती येतं, मेसमध्ये खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापून मिळणं) कसा धरतात, आणि रेक्टर कॅम्पसवर राहतात का. वर्ष चांगलं जाणार का वाईट, ते यावरच ठरतं.

पैशाचं पटकन. आमच्याकडे हॉस्टेल फी वर्षाची २२,०००, डिपॉझिट ५,००० वेगळं, मेस महिन्याला ३,४००. बाहेर याच भागात कॉट बेसिसवर, म्हणजे शेअर रूममधल्या एका कॉटचे, महिन्याला ६,५०० ते ८,००० नुसते झोपायचे, जेवण वेगळं आणि लाईट बिल वेगळं. मुलींना फी माफ आहे ना मग हॉस्टेल पण फुकट असेल, असं गावाकडं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, हॉस्टेल आणि मेसचे पैसे आपले आपणच भरायचे. त्यासाठी महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपची वेबसाइट) पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांसाठी. एससीच्या मुलींना समाजकल्याणच्या हॉस्टेलला नंबर लागला नाही तर स्वाधार योजना, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० बसतात. फॉर्म भरा, पैसे उशिरा येतात पण भरा. आणि बाहेर राहणार असाल आणि मालक भाड्यावर जीएसटी लावत असेल तर भांडा. जून २०२४ च्या जीएसटी कौन्सिलमध्ये ठरलंय की महिना २०,००० च्या आतलं हॉस्टेलचं भाडं आणि सलग ९० दिवस राहणं असेल तर जीएसटी लागत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे दाखवल्यावर तिच्या मालकाची बोलतीच बंद झाली.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी ॲडमिशनचे, राउंड संपेपर्यंत हॉस्टेलची लिस्ट लागत नाही. आमची लागली तोवर लेक्चर सुरू होऊन गेले होते, मग मावशीच्या नणंदेकडे धायरीला राहा, रोज दोन बस बदला, असं करत काढलं. तेव्हा मधल्या दिवसांची सोय आधी बघा, आणि दुसऱ्या लिस्टची वाट बघताना घाईत कुठं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करून बसू नका.

आता पाणी. आमच्याकडे सोलर आहे, टाक्या गच्चीवर, गरम पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात. वरच्या मजल्यावर नळ सोडला की लगेच गरम येतं, तळमजल्याच्या पोरींना आधी पाइपातलं गार पाणी बादलीभर सोडून द्यावं लागतं आणि तोपर्यंत वरच्यांनी टाकी संपवलेली असते. म्हणून सगळे सांगतात वरचा मजला घ्या. कुणी हे सांगत नाही की गच्चीखालच्या मजल्यावर एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजतासुद्धा स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो, पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते, मी आत्ता गॅलरीत बसून टाइप करतेय ते याच्यामुळंच. मधला मजला मिळाला तर बघा. ढगाळ दिवशी सोलर शोभेला असतं. डिसेंबरमधे पाच वाजताच बाथरूमबाहेर बादल्यांची लाईन लागते, बादलीवर नेलपॉलिशनं रूम नंबर लिहिलेला, नंबर लावायचा आणि परत जाऊन झोपायचं, आणि उठून आल्यावर आपली बादली मागं सरकवलेली दिसली की ते भांडण आठवडाभर पुरतं. हिटर कॉइल वापरायला बंदी आहे. ती बंदी किती जणी पाळतात ते मजल्याचा फ्यूज किती वेळा उडतो त्यावरून कळतं.

दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो तर रूममध्ये ढेकूण. हे कोणत्याच माहितीपत्रकात नसतं त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. मानेवर आणि हातावर एका ओळीत चट्टे उठायला लागले की समजायचं डास नाहीत. दिवसा एक दिसत नाही, रात्री दोनला टॉर्च मारला की कॉटच्या प्लायवूडच्या फटीत, जिथं पट्टी खिळ्यानं मारलेली असते बरोबर तिथं, बसलेले. माझी सांगलीची पार्टनर चिकटपट्टीचा रोल घेऊन बसायची, एक दिसला की टेपला चिकटव, दुसरा दिसला की चिकटव. ऑफिसला दोन अर्ज दिले होते, 'बघतो' एवढंच उत्तर. मग एका सकाळी तिनं ती भरलेली टेप तशीच नेऊन ऑफिसच्या टेबलावर अर्जाला चिकटवून ठेवली आणि पेस्ट कंट्रोलवाले त्याच आठवड्यात आले. तेही एकदा फवारून चालले होते. अंडी फवारणीनं मरत नाहीत, साधारण दोन आठवड्यांनी परत मारावं लागतं, हे त्या फवारणाऱ्या दादांनीच आम्हाला हळूच सांगितलं, ते धरून आम्ही परत मागं लागलो तेव्हा कुठं संपले. तुम्ही राहायला आलात की गादी टाकायच्या आधी कॉट उलटी करून फटी बघा. सेकंडहँड गादी चुकूनही घेऊ नका, गेटबाहेर सीनियर कितीही स्वस्तात देत असल्या तरी.

मेस. चव हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न, माझ्या जिभेला आमटीतला गूळ अजून पटलेला नाही. आमच्या रूममधली यवतमाळची पोरगी पहिल्या महिन्यात रोज 'तर्री नाही का' विचारायची, आता विचारत नाही, स्वतःची तिखटाची डबी घेऊन जाते. पोळ्या गरम मिळतात, पण आठच्या आत गेलात तर. साडेआठनंतर जी पोळी मिळते ती पापडाच्या वर्गात मोडते. भाकरी फक्त बुधवारी, आणि त्या दिवशी आम्ही मराठवाड्याच्या पोरी सगळ्यात आधी हजर. रविवारी दुपारी फीस्ट, पुरी, मटार पनीर, मसालेभात आणि मोजून एक गुलाबजाम, आणि रविवारी रात्री पुण्यातल्या बाकी सगळ्या मेससारखी आमची पण बंद. रविवार रात्रीचं बजेट वेगळं धरा, गेटबाहेरची भुर्जीची गाडी नाहीतर मॅगी.

खरी गोम खाड्यात आहे. आमच्या मेसचा नियम असा की सलग तीन दिवस नसाल तरच खाडा, आणि आदल्या दिवशी सहाच्या आत वहीत सही पाहिजे. आता घरी जाणार तुम्ही शनिवार-रविवार, म्हणजे दोनच दिवस, म्हणजे खाडा नाही. खाडा मिळवायला सोमवार जोडला तर तिकडं ७५ टक्के अटेंडन्स बोंबलतो. हा नियम ज्यानं काढला तो माणूस हुशार आहे, मानलं पाहिजे. काही हॉस्टेलमध्ये कुपन सिस्टिम असते, जेवलात तेवढेच पैसे, तशी असेल तर बाकी दहा तक्रारी माफ.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. मुलींना रात्री साडेनऊला आत. मुलांच्या हॉस्टेललाही कागदावर वेळ आहे, पण तिथं रजिस्टर कोण बघतंय. लायब्ररी बारापर्यंत उघडी, क्लबची मीटिंग नऊला सुरू होणार, प्रोजेक्टचं खरं काम दहानंतर, आणि आम्ही सव्वानऊला बॅगा उचलून पळत सुटायचं. लेट पास पाहिजे तर घरून फोन, तोही वडिलांचाच, आईचा चालत नाही. आमचे पप्पा शेतात असले की रेंज नसते, आणि मम्मी जी सातबाऱ्यापासून बँकेपर्यंत सगळं बघते तिचा फोन चालत नाही म्हणे! सेफ्टीसाठी आहे असं सांगतात. मग गेटपासून हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे लावा ना आधी, निम्मे बंद आहेत. यावर आम्ही सह्या गोळा करून अर्ज दिलाय, सबमिशनच्या काळात वेळ साडेदहा झालीय, बाकी घोंगडं भिजत पडलंय.

पण हेही लिहायला पाहिजे की रेक्टर मॅडम कॅम्पसवरच राहतात आणि त्याचा फरक काय पडतो ते ऑक्टोबरात कळलं. यवतमाळवालीला रात्री एकला १०३ ताप, उठून उभं राहता येईना. वॉचमन काकांनी फोन लावला, मॅडम स्वेटर घालून दहा मिनिटांत खाली, स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात, सकाळपर्यंत तिथंच बसून. डेंग्यू निघाला. तिचे आईवडील यवतमाळहून पोचायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. फ्लॅटवर आम्ही तिघी असतो तर आधी रिक्षा शोधत बसलो असतो. बाहेर राहणाऱ्यांनी निदान एवढं करा, रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आधीच बघून ठेवा.

हॉस्टेलचा अभ्यासाला फायदा होतो का? अभ्यासाला माहीत नाही, सबमिशनला शंभर टक्के. ड्रॉइंगच्या शीट्स आल्या की रात्री जीटी सुरू, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन स्टुलांवर काच टाकायची, खाली मोबाईलचा टॉर्च, काचेवर जिची झालीय तिची शीट आणि त्यावर आपली कोरी. आमच्या मजल्यावर एकच काच होती आणि तिचं बुकिंग असायचं. सरांना सगळं माहीत असतं, व्हायवाला बरोबर त्याच शीटवर प्रश्न टाकतात. सीनियर ताया जुने जर्नल, पेपर, कोणते सर काय विचारतात ते सगळं देतात. एम-१ च्या (पहिल्या गणिताच्या पेपरच्या) आदल्या रात्री समोरच्या रूममधल्या ताईनं सहा जणींना बसवून मॅट्रिक्स शिकवलं, तेवढ्यावर पास झालोय आम्ही. उलट बाजू म्हणजे शांतता मिळत नाही. कुणाचा तरी वाढदिवस रोज बाराला असतो. सलग बसून अभ्यास करायची सवय असेल तर रीडिंग रूम गाठा, रूमवर होत नाही.

रॅगिंगची भीती सगळ्यांच्या घरच्यांना असते. माझ्या वाट्याला काही आलं नाही, 'इंट्रो दे' एवढंच, ते पण हसतखेळत. पण ॲडमिशनच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाईन हमीपत्र भरायचं असतं ते नुसतं क्लिक करून पुढं जाऊ नका, वाचा. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो, दोषी ठरलं तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजातही ॲडमिशन नाही. युजीसीची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. नंबर सेव्ह करून ठेवा, सीनियरला दिसेल असा सेव्ह केला तरी चालेल.

सामान कमी आणा. कामाला आलेल्या गोष्टी: लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, दोन चाव्यांचं चांगलं कुलूप (कपाटाला वेगळं), कपडे वाळत घालायची दोरी, पावसात काहीच वाळत नाही म्हणून जास्तीचे आतले कपडे, ओडोमॉस, आणि शेंगदाण्याची चटणी, जितकी आणाल तितकी. बादली-मग इथं मिळतं, परभणीहून एसटीत मांडीवर घेऊन यायची गरज नाही. लाडू आणले तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर मुंग्या आधी खातात, आणि मुंग्या नाही पोचल्या तर मजला पोचतो. धपाटे आल्याची बातमी तर जिन्यातूनच पसरते.

येण्याजाण्याचं म्हणजे एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून, त्यामुळं ट्रॅव्हल्सचा विचार सुट्टीच्या गर्दीतच करायचा. शिवाजीनगरचं तिकीट काढलं तरी गाडी वाकडेवाडीला सोडते, जुना स्टँड तिथून हलवलाय, पहाटे चारला उतरून 'हे कुठं आणलं' म्हणून घाबरू नका. रिक्षावाल्यांशी बोलताना मात्र आधीच ठरवून बसा.

कुणी घेऊ नये? जिला स्वतःची खोली लागते, जिला कुणाच्या अलार्मनं जाग आली की दिवस खराब जातो, किंवा जिची पथ्यपाण्याची भानगड आहे तिनं घेऊ नये, मेसवाले एकटीसाठी कमी तिखट करत नाहीत. बाकीच्यांनी फॉर्म भरा. सेकंड इयरला रूम मार्कांवर मिळते आमच्याकडे, केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की नंबर थेट खाली, त्यामुळं आत्ता आमच्या मजल्यावर रात्री दीडला पण लाईट दिसतायत. आम्ही तिघींनी पसंतीत दुसरा मजला टाकलाय, बाथरूमपासून चौथी खोली, बादलीच्या लाईनचा आवाज येत नाही तिथं. मिळाली तर तुमच्यातली कुणीतरी आमच्या आत्ताच्या रूममध्ये येईल, तिनं डाव्या बाजूची कॉट घ्यावी, उजवीच्या वरचा पंखा पाचवर टाकला तरी दोनवरच फिरतो.