सीतेचा नाही, सीताफळाचा अशोक

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जी झाडं फुकट उभी आहेत, त्यांचीच साल मी मागच्या पावसाळ्यात १४० रुपये पाव किलोने विकत आणली आणि २१ दिवस दुधात उकळून प्यायले.

पाळी लांबत होती, अंगावरून खूप जात होतं. वैद्यबाईंनी अशोकाच्या सालीचा क्षीरपाक सांगितला. सोनोग्राफीही लगेच करा म्हणाल्या, ती मी टाळली. आणि तिसरं बजावलं होतं, ‘साल अख्खी आणा, भरड आणू नका.’ तेही मी मानलं नाही.

पेठेतलं काष्ठौषधीचं जुनं दुकान. दारातच वाळ्याचा, नागरमोथ्याचा वास. अशा वासाने माणूस निम्मा तिथेच फसतो.

“काका, अशोकाची साल अख्खी मिळेल का?”

“अख्खी घेऊन कुटत कुठे बसता, ताई? भरड तयार आहे, ताजी.”

पुडी बांधली, बिलावर ‘अशोक साल’ लिहिलं. मी ना वास घेतला, ना चाखून पाहिलं. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघणारी मी!

तीन आठवड्यांत काडीचा फरक नाही. उरलेली पुडी घेऊन वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि विचारलं, “तुरट लागायची का हो तुम्हाला?” मी म्हटलं, कडवट, मचूळ लागायची, पण औषध म्हटल्यावर तसंच असणार. त्यांनी कपाटातून बरणी काढली आणि सालीचा एक वीतभर तुकडा माझ्या हातात दिला.

पन्हाळीसारखा आत वळलेला. बाहेरून करडा-हिरवट, त्यावर गोल पुटकुळ्या आणि आडव्या वळ्या. आतून तांबूस-तपकिरी, बारीक उभ्या रेघांचा. मोडला तर कड कुसळासारखी तुटली आणि वरच्या पापुद्र्याखाली पांढुरकी रेघ दिसली. वास जवळजवळ नाही. चघळला मात्र, कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आखडली. माझ्या भरडीत पिवळट धागे होते, सुतळी उसवल्यासारखे. ते मी रोज गाळणीत बघत होते, तरी डोक्यात काही आलं नाही.

“सोसायटीत उंच, सरळसोट अशोक आहेत ना?” त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या एका झाडाची साल नखाने थोडी सोलली. तेच धागे. वॉचमनदादा बघत होते, त्यांना काय सांगणार?

आपण ज्याला सर्रास अशोक म्हणतो, लांब, कडेने नागमोडी पानांचं ते शोभेचं झाड सीताफळाच्या कुळातलं. औषधातला तो सीतेचा अशोक, शेंगांच्या कुळातला. त्याची कोवळी पालवी तांबूस, लोंबती. फुलं केशरी-लाल, गुच्छात, थेट जुन्या फांद्यांवर येणारी. रानातून त्याची साल इतकी ओरबाडली गेली आहे की, झाडाची नोंद आता संकटग्रस्त प्रजातींत आहे. अशोकारिष्टाची मागणी मात्र तशीच. मग मधली जागा कुंपणावरचा अशोक भरून काढतो. नाव एकच असल्याने दुकानदाराला खोटंही बोलावं लागत नाही.

नुसत्या तुरट चवीवरही जाऊ नका. बाभळीची सालही तुरट असते आणि भरडीत काय मिसळलंय ते जिभेला कळत नाही. म्हणूनच अख्खा तुकडा मागायचा. बाहेरची बाजू, आतली बाजू, मोडलेली कड, मग चव, असं सगळं जुळतंय का ते बघायचं. हीच सवय मी आता लवंगेलाही लावली आहे. देठाला नख रुतवलं की तेल पाझरायला हवं. तेल काढून घेतलेल्या लवंगा दिसतात तशाच, फक्त पाण्यात टाकल्या की आडव्या तरंगतात. चांगली लवंग उभी राहते नाहीतर बुडते.

१४० रुपयांचं दुःख नाही. तीन आठवडे गेले, त्यात हिमोग्लोबिन ८.४ वर आलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. ती अस्सल सालीनेही विरघळली नसती हे वैद्यबाईंनीच सांगितलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

पुडी आणि फाटकाजवळची ढलपी, दोन्ही घेऊन दुकानात गेले. काकांनी चष्मा वर केला, दोन्ही निरखून पाहिलं. “अशोकच आहे की, ताई. तुम्ही सीतेचा म्हणालाच नव्हता.”

“मग सीतेचा द्या. अख्खा तुकडा.”

“तो आपल्याकडे येत नाही,” म्हणाले आणि मागच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.