वेखंडाच्या नावाखाली पाणकणीस लावून घेतलं, 46,700 रुपये गेले

लिहायला लाज वाटते, पण वेखंडाची रोपं विकून पीक हमीभावानं परत घेतो म्हणणाऱ्या त्याच माणसाला गावातले आणखी दोघं पैसे द्यायच्या तयारीत आहेत म्हणून लिहितोय.

कोल्हापूरच्या पश्चिमेला आमचं आठ गुंठ्यांचं खाचर आहे, बारमाही पाझराचं. भात तिथं कुजतं. वेखंडाला मात्र असाच चिखल लागतो, हे खरंच आहे. त्या माणसानं आणलेली वाळकी कांडीही अस्सल होती. घरात वास दरवळला. आमच्याकडे प्रत्येक बाळाच्या गुटीत वेखंडाचे वेढे उगाळलेत, न्हाऊ घातल्यावर टाळूला पूड लावलीय, धान्याच्या कणगीत कांड्या टाकल्यात. अशा ओळखीच्या वस्तूवर संशय कोण घेणार?

नोंदणी 5,000, प्रशिक्षण 2,500, चार रुपयांनी 9,000 रोपं म्हणजे 36,000, गाडीभाडं 3,200. अकराव्या महिन्यात 180 रुपये किलोनं खरेदी, स्टॅम्पपेपरवर करार. त्यावर सही माझी एकट्याची, त्याचा नुसता शिक्का. हमीभाव देणारा रोपांचे पैसे आधीच का मागतो, एवढं तरी विचारा.

जूनमध्ये रोपं उतरली तेव्हा आईनं एक पान चुरगळून नाकाला लावलं. म्हणाली, "अरे, याला वासच नाही." तिथंच गाडी परत धाडायला हवी होती! वेखंडाचं ओलं पान चुरगळलं तरी हाताला वास राहतो, पानाच्या मधली शीर उठून दिसते. ही पानं गुळगुळीत, आतून पोकळ-पोकळ. तो म्हणाला, "मावशी, वास मुळाला येतो, तोही वर्षानं." आणि मी आईलाच गप्प केलं. पावसाचे ढग, बांधावर थांबलेली माणसं, त्यांची मजुरी चालू. पण आईचं ऐकायला किती वेळ लागला असता?

ऑक्टोबरात तपकिरी कणसं वर आली. ओढ्याकाठचं पाणकणीस! फुकटचं तण उपटून मला विकलं होतं. फोन तेव्हापासून बंद.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." तक्रार लेखी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. कृषी कार्यालयात सांगितलं, खाजगी करार आहे, आमचा संबंध नाही. मग पंचनामा तरी करा, हे पाणकणीस आहे एवढं कागदावर द्या! त्यासाठी अर्ज, अर्जाला सातबारा, सातबारा दिल्यावर "पुढच्या आठवड्यात या". असे पाच आठवडे गेले. शेतकऱ्यानं चुकीचं पीक लावलं की सल्ला द्यायला सगळे येतात, लुबाडलं की कुणाचंच खातं नसतं.

पैसे मोबाईलवरून दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला त्याच दिवशी फोन करा. मी पाच महिन्यांनी केला. रोपांचं पक्कं बिल मागा, बिलावर पिकाचं नाव लिहून घ्या; माझ्या पावतीवर नुसतं "औषधी रोपे" आहे. ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, वकील म्हणतात ही पावतीच अडचण करणार.

पाणकणसाची मुळं आता बांध ओलांडून शेजारच्या भातात शिरलीत. ती काढायला रोज दोन माणसं लावलीत, आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद झालंय.