कास्टिंग अ‍ॅप्स: सोय झकास, चाळणी जुनीच

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये, ऑडिशनच्या गल्ल्यांत, फोटो वाटत फिरणं कास्टिंग अ‍ॅप्सनी बरंच कमी केलं, हे मान्य. लातूरच्या नटालाही आता घरबसल्या ऑडिशन पाठवता येते. पण प्रोफाइल भरायला घेतलं की आधी वय, उंची, वर्ण (गोरा, गव्हाळ, सावळा), लिंग, मातृभाषा. अभिनयाचा व्हिडिओ सगळ्यांत शेवटी, तोही बऱ्याचदा ऐच्छिक.

खरी गोम फिल्टरमध्ये आहे. कास्टिंग करणाऱ्याने 'स्त्री, 25 ते 30, गोरी' असं निवडलं की बाकीच्या मुली यादीत येतच नाहीत. नापसंती परवडली, इथे कुणी बघितलेलंच नसतं. लिंगाच्या रकान्यात 'ट्रान्सजेंडर' निवडलं तर वकील, डॉक्टर, शेजारीण या शोधांतून नाव गळतं आणि उरतात फक्त ट्रान्स पात्रांच्या ऑडिशनचे कॉल. 2019 च्या कायद्याने ट्रान्स व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे, पण फिल्टरला ते सांगणार कोण? भूमिकेची गरज असेल तेव्हाच हे रकाने शोधात उघडावेत, एवढी साधी सुधारणाही दिसत नाही.

मराठी नटांचं दुखणं वेगळं. मातृभाषेवरून हिंदीवाले त्यांना हवालदार नाहीतर मोलकरीण ठरवून टाकतात. म्हणून हिंदीची वीसेक सेकंदांची क्लिप जोडा आणि तिच्यात 'ज्ञान' (हिंदीत उच्चार 'ग्यान'), 'ज़िंदगी' असे शब्द मुद्दाम घ्या. 'द्न्यान' ऐकू आलं की शिक्का बसलाच.

जन्मतारीख सक्तीची असेल तर द्या, पण परिचयात 'दिसणारं वय 27 ते 35' असं लिहा. ब्रिटनमधल्या 'स्पॉटलाइट' या 1927 पासूनच्या नटसूचीत वयाचा असाच पट्टा देतात. इंट्रोसाठी, म्हणजे ओळखीच्या व्हिडिओसाठी, मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत; नाव, उंची, शहर, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू, हात, सगळं मिनिटाच्या आत. खाली दोन मोनोलॉग (स्वगतं), त्यातला एक तुमच्या 'टाइप'च्या पार बाहेरचा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फुटतं. ड्राइव्हची लिंक सर्वांना खुली ठेवा. परवानगी मागत कुणी थांबत नाही.

प्रोफाइल यादीत वर दाखवणारी सशुल्क मेंबरशिप घेऊ नका. फिल्टरने गाळलेलं नाव वर चढणार कुठून? फुकटचं खातं पुरतं. आणि ऑडिशनसाठी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा फोन आला तर तिथेच ठेवून द्या.