लाकडी स्टॉक की अ‍ॅल्युमिनियम चॅसी? दहा मीटरची रायफल घेण्याआधी

घणसोलीहून एका आईचा फोन आला. मुलगी पंधरा वर्षांची, दोन वर्षं क्लबच्या रायफलवर सराव झालेला, आता स्वतःची घ्यायची वेळ आलीय. "घरात दोन पक्ष पडलेत. हिचे बाबा म्हणतात लाकडी घेऊ, पैसे वाचतील. हिला चॅसीचीच हवी. काय ते तुम्हीच सांगा." अर्धा तास बोललो, तरी फोन ठेवल्यावर वाटलं की निम्मं राहूनच गेलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तेव्हापासून असे फोन वाढलेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. स्टॉक म्हणजे रायफलचा खांद्याला, गालाला आणि हाताला लागणारा सांगाडा. तोच लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा, सरकत्या भागांचा असला की त्याला चॅसी म्हणतात.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. मूल अजून वाढत असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. उंची थांबली असेल आणि खिसा बेताचा असेल तर चांगल्या अवस्थेतली लॅमिनेटेड लाकडाची रायफल घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र 'अ‍ॅल्युमिनियमने नेम जास्त अचूक लागतो' असं कुणी सांगून विकत असेल, तर तिथून उठून या.

'चॅसी' या शब्दाने बराच घोटाळा केलाय, तो आधी निस्तरू. मुलं यूट्यूबवर अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सिरीजचे व्हिडिओ बघतात. सहा-साडेसहा मिलिमीटरची काडतुसं, खाली लांबलचक रेल, बायपॉड (पुढचे दोन पाय), मोठा स्कोप. नेमबाज एका अडथळ्यावरून दुसऱ्यावर धावतोय आणि हजार यार्डांपर्यंतच्या लोखंडी पाट्या वाजवतोय. तिथल्या चॅसीचं काम म्हणजे अ‍ॅक्शन (गोळी भरायची-झाडायची यंत्रणा) घट्ट धरून ठेवणं, मॅगझिन पटकन बदलू देणं आणि कुंपणावर, टायरवर, पिंपावर रायफल बिनधास्त टेकवू देणं. आपल्याकडे मूल जॅकेट घालून, कंबरेच्या हाडावर कोपर टेकवून, दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासमोर सव्वा तास उभं राहतं आणि साठ गोळ्या झाडतं. इथल्या चॅसीचं काम अगदी निराळं. रायफल मुलाच्या अंगावर शिंप्याने मापून शिवल्यासारखी बसवायची, बस्स. त्यामुळे त्या व्हिडिओंमधली मतं दहा मीटरसाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत. चांगली नसतात असं नाही, खेळच वेगळा.

आता अचूकतेचं बोलू. जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच रायफलच्या पेटीत कारखान्यातलं एक छोटं कार्ड येतं. रायफल शिकंज्यात आवळून झाडलेल्या गोळ्यांचा तो ग्रुप, म्हणजे पुंजका, असतो. नीट पाहिलंत तर सगळ्या गोळ्या मिळून एकच भोक, पेलेटपेक्षा (शिशाच्या छोट्या गोळीपेक्षा) जेमतेम मोठं. हे कार्ड लाकडी रायफलसोबत येतं तसंच अ‍ॅल्युमिनियमसोबतही येतं. कारण बॅरेल, व्हॉल्व्ह, ट्रिगर हा ऐवज एकाच कंपनीच्या लाकडी आणि चॅसी अशा दोन्ही प्रकारांत बहुतेक वेळा सारखाच असतो. दशांश गुणांत ०.१ चा फरक म्हणजे पाव मिलिमीटर. शिकंज्यातली रायफल तेवढीही इकडेतिकडे जात नाही. जाते ती शिकंज्याच्या जागी माणूस उभा राहिला की. खर्च करायचा तो या माणसासाठी.

लाकडी मॅच रायफलवरही चीकपीस (गाल टेकवायची पट्टी) वरखाली होतं आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) मागेपुढे सरकते. पण खालून हाताची जागा उंच करायची असेल, ग्रिप दोन अंश फिरवायची असेल, बटप्लेट शरीराच्या बाजूला थोडी कलवायची असेल, तर अनेक लाकडी मॉडेलांवर सुतारकाम किंवा जुगाड करावा लागतो. एका मुलाच्या रायफलला आम्ही हाताखाली सनमायकाचे तीन तुकडे चिकटवून काम चालवलं होतं. तपासणीच्या टेबलावर त्या तुकड्यांकडे बघून अधिकारी हसले. मापात बसत होते म्हणून जाऊ दिलं. चॅसीवर हे सगळं एका अ‍ॅलन कीने होतं. तेरा ते सतरा या वयात मूल वर्षाला सहज चार-सहा सेंटीमीटर वाढतं, खांदे रुंदावतात, मान लांबते. लाकडी रायफल दर सहा महिन्यांनी 'तोकडी' होत जाते. मूल तक्रार करत नाही, मान पुढे काढून जुळवून घेतं, आणि ती सवय मोडायला नंतर वर्ष जातं. घणसोलीच्या मुलीसाठी माझं मत अ‍ॅल्युमिनियमकडे झुकलं ते या एका कारणाने.

मात्र या सोयीचा एक रोग आहे, आणि तो मी माझ्याच शिष्याच्या बाबतीत भोगलाय. नवी चॅसी आली, पोरगा हुशार. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्याने एक व्हिडिओ बघितला आणि चीकपीस चार मिलिमीटर वर घेतलं. सकाळी म्हणाला, "सर, आता एकदम बेस्ट वाटतंय." पहिल्या दहा गोळ्या बऱ्या गेल्या. मग मान दुखायला लागली, पीपमधला (डोळ्यासमोरच्या बारीक भोकातला) प्रकाशाचा गोल एका बाजूला जाड दिसू लागला, आणि शेवटच्या वीस गोळ्यांत त्याने जे गुण घालवले ते लाकडी रायफलवर कधीच गेले नव्हते. त्या दिवसापासून माझा नियम: प्रत्येक सरकत्या भागावर पांढऱ्या पेंट मार्करने बारीक रेघ मारायची, वहीत तारीख घालून माप लिहायचं, एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची आणि स्पर्धेच्या आधीच्या पंधरा दिवसांत अ‍ॅलन की आईच्या कपाटात. ही शिस्त घरात पाळली जाणार नसेल तर लाकडी रायफलच बरी. तिच्यात बिघडवायला कमी जागा आहेत.

पावसाळ्याबद्दल सगळे विचारतात. वाशी-ऐरोलीची खाडीची हवा, जुलैतली ओल, लाकूड फुगणार का? साधं बीच किंवा अक्रोडाचं लाकूड ओल धरतं. लॅमिनेटेडमध्ये पातळ थर चिकटवलेले असतात, ते फारच कमी हलतं. आणि साईट (नेम धरायची साधनं) स्टॉकवर नसून अ‍ॅक्शन-बॅरेलवर बसलेल्या असतात, म्हणून लाकूड किंचित हललं तरी नेम लगेच सरकत नाही. खरा त्रास अ‍ॅक्शन स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचा. एका ऑगस्टमध्ये माझ्या स्वतःच्या जुन्या बीचच्या रायफलने ग्रुप उघडायला सुरुवात केली. गोळी कधी १०.५, तर पुढची ९.७, आणि माझा होल्ड मात्र तोच. पेलेट बदलून पाहिले, ट्रिगरला दोष दिला, शेवटी स्वतःला दिला. दोन आठवड्यांनी स्क्रू तपासला तर सरळ पाव फेरा फिरला. लाकूड दबलं होतं आणि पकड सैल झाली होती. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरणाऱ्याला हे होत नाही. मी तेव्हा अंदाजाने आवळत होतो.

अ‍ॅल्युमिनियम या बाबतीत निर्धोक. पण त्याचेही स्क्रू पोलादाचेच, आणि खाडीच्या हवेत त्यांच्या डोक्यावर तांबूस पूड जमायला एक पावसाळा पुरतो. सराव झाल्यावर किंचित तेल लावलेल्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओल्या जॅकेटसोबत रायफल केसमध्ये कोंबणाऱ्या मुलांना मी रेंजच्या दारातून परत पाठवतो.

हाताला लागणारा फरकही आहे, थोडक्यात सांगतो. गोळी सुटताना चॅसीचा ठोका कोरडा, टणक जाणवतो, लाकडाचा मऊ. काही जुन्या नेमबाजांना हा मऊपणा इतका आवडतो की ते लाकूड सोडत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. एसी रेंजवर सकाळी धातू गार लागतो, पण गालाखाली आणि हाताखाली बहुधा लाकूड किंवा प्लॅस्टिकच असतं, त्यामुळे त्याचा बाऊ करू नका.

वजनाची मर्यादा ५.५ किलो, साईटसकट. चॅसीवर छोटी वजनं लावून तोल पुढेमागे नेता येतो, आणि इथेच पालक फसतात. 'जड म्हणजे स्थिर' हे पस्तिशीतल्या खेळाडूसाठी खरं असेल. चाळीस किलोच्या मुलीच्या कंबरेवर पाच किलो टेकवलेत तर चाळिसाव्या गोळीनंतर पाठ बोलायला लागते. वजनं पेटीतच राहू द्या. दोन वर्षांनी काढा.

मॉडेलांची नावं. चॅसीच्या बाजूला वॉल्थरची एलजी ४०० अ‍ॅल्युटेक, फाइनवर्कबाऊची ८०० एक्स, अँशुट्झची ९०१५, ऑस्ट्रियाची स्टायर चॅलेंज. यातली कुठलीही घ्या, रायफलमुळे तुमचं मूल हरणार नाही. तेव्हा जवळपास कोणती दुरुस्त होते आणि कोणाचे सील-वॉशर आठवड्यात मिळतात, ते विचारून ठरवा. लाकडी बाजूला फाइनवर्कबाऊ ५०० आणि अँशुट्झ ८००१ या क्लबच्या कामाच्या, दणकट रायफली, किंमतही बरीच उतरलेली. त्याखाली प्रेसिहोलसारखी भारतीय पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल आहे. मूल या खेळात टिकेल की नाही हेच माहीत नसेल तर तिथून सुरुवात करायला मी कधीच नको म्हणत नाही. नव्या जर्मन चॅसी रायफलचा आकडा लाखांत सुरू होतो आणि त्यावर जॅकेट, पँट, बूट, ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यासमोरची पट्टी) आणि पेलेट येतात. हा सगळा हिशेब एका कागदावर मांडा. जॅकेट ढगळ असेल तर चॅसी काहीच वाचवू शकत नाही, आणि घरोघरी काटकसर नेमकी जॅकेटवर होते.

परवान्याची धास्ती बाळगू नका. ४.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात-आठ ज्यूलची असते. तरीही बिलाची प्रत आणि असोसिएशनचं कार्ड केसमध्येच ठेवा. ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी सातला ती लांबडी काळी पेटी घेऊन पनवेल लोकलसाठी उभे राहिलात की कुणीतरी विचारणारच, "काय आहे यात?" मी "गिटार" म्हणायचो. एकदा त्या माणसाने "वाजवून दाखवा की" म्हटलं, तेव्हापासून खरं सांगतो.

सेकंड हँड घेताना लोक आधी बॅरेल बघतात. मी आधी हवेचा सिलिंडर बघतो. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि कारखाने वापराची मुदत साधारण १० वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला गेलात तर जबाबदारी खेळाडूची. अ‍ॅल्युटेक स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली आणि दोन नवे सिलिंडर घ्यावे लागले, असं झालेली घरं मला माहीत आहेत. हातपंपाने किंवा साध्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर हवा कोरडी करणारा फिल्टर हवाच, विशेषतः जून ते सप्टेंबर. नाहीतर २०० बारच्या हवेसोबत पाणीही आत जातं.

पुढे पॉइंट टू-टूमध्ये (काडतुसाच्या .२२ रायफलीत) जायचा विचार असेल तर दोन वाक्यं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं, तेव्हापासून तेही विचारणं वाढलंय. तिथे परवाना लागतो, वजनाची मर्यादा ८ किलो, आणि स्टँडिंग, नीलिंग, प्रोन (उभं, गुडघ्यावर, पालथं) तिन्हींसाठी रायफल पुन्हा पुन्हा बदलावी लागते, म्हणून चॅसी जवळजवळ गरजेचीच होते. तरी तिथेही चॅसीपेक्षा काडतुसांचा कोणता लॉट तुमच्या बॅरेलला मानवतो यावर गुण जास्त हलतात.

घणसोलीच्या मायलेकींना मी एका रविवारी रेंजवर बोलावलं. क्लबची लाकडी आणि एका मोठ्या मुलाची उसनी अ‍ॅल्युटेक. मुलीला सांगितलं, डोळे मिट, रायफल उचल, दोन श्वास घे, मग उघड. लाकडी रायफलवर पाच वेळा डोळे उघडले आणि पाचही वेळा तिने मान पुढे सरकवली, मगच काळं वर्तुळ पीपमध्ये आलं. चॅसीवर पहिल्यांदा तर त्याहून वाईट, कारण ती मोठ्या मुलाच्या मापाची होती. मग आम्ही चाळीस मिनिटं बसून बटप्लेट आत घेतली, चीकपीस खाली केलं, हाताची जागा उचलली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. तिसऱ्या वेळी मान जागची हलली नाही, आणि ती म्हणाली, "सर, हे आपोआपच समोर आलं." बाबा अजून किमतीवर अडलेत. पुढच्या रविवारी त्यांनाही बोलावलंय, सोबत टेप आणि जुनी वही घेऊन.