घरी बनवलेला रंधा: अखंड ठोकळा की चिकटवलेला?

स्वतःचा लाकडी रंधा बनवायचाय तर रस्ते दोन. एक आपल्या सुतारांचा जुना, बाभळीचा नाहीतर शिसवीचा अखंड ठोकळा घ्यायचा आणि वरून पटाशीने कोरत कोरत खाली तोंडापर्यंत, म्हणजे पातं बाहेर येतं त्या तळाच्या फटीपर्यंत यायचं. दुसरा म्हणजे ठोकळ्याच्या दोन्ही कडा करवतीने कापून काढायच्या, मधल्या भागात पात्यासाठी ४५ अंशाचा उतार कापायचा आणि सगळं परत चिकटवायचं, पातं दाबून धरणारी पाचर अडकायला मध्ये आडवी दांडी.

मी दोन्ही केलेत. अखंडमध्ये खरं दुखणं त्या उताराचं, आत काही नीट दिसतच नाही आणि पातं टेकतं ती जागा केसभर जरी फुगीर राहिली ना तर पातं थरथरतं, लाकडावर बारीक पायऱ्या उमटतात. माझा पहिला तसाच झाला, तीन रविवार गेले. चिकटवलेल्यात तोच उतार उघड्यावर असतो, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तपासता येतो, तोंडही १ मिमीच्या आत राहतं. फक्त सागवानाचा करत असाल तर ते तेलकट असतं, चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसा, आणि क्लॅम्प आवळताना तुकडे घसरतात म्हणून आधी डॉवेल (लाकडी खुंट्या) मारून ठेवा.

तळ घासताना मात्र दोन्हीत पातं आत ओढून पाचर ठोकलेलीच हवी, तिच्या ताणाने तळ किंचित वाकतो.

अखंडात जोडच नाही, त्यामुळे पावसाळ्यात काही सुटायची भीती नाही, हे मोठं सुख. तरी पहिला रंधा असेल तर चिकटवूनच करा, बाभूळ नंतर शोधू.