जुन्या सागवानाचं डायनिंग टेबल: एक पावसाळा काढल्यावर

सहा माणसांचं टेबल, किंमत पाऊण लाखाच्या घरात, खुर्च्या वेगळ्या. "जुन्या लाकडाला नव्याहून जास्त पैसे?" हा सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. आता वापरून बरेच महिने झालेत, तर सविस्तर लिहिते.

पुण्यात वाडे पडले की तुळया, खांब, कडीपाटाच्या कड्या बाजारात येतात आणि त्यांत बर्मा सागवान असतं. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे या जुन्या मालाला भाव आहे. भाव आहे म्हटल्यावर भेसळही आलीच. खिळ्यांची भोकं नीट बघा. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की काळा डाग पडतो. खऱ्या जुन्या फळीत भोकाभोवती असं काळं कडं असतं, रेषेरेषेने आत मुरलेलं. नव्या लाकडाला 'अँटिक' करायला पाडलेली भोकं स्वच्छ असतात. माझ्या टेबलावर ती एका ओळीत आहेत, कारण त्या कडीवर वरच्या मजल्याच्या फळ्या ठोकलेल्या होत्या. सुतार त्यांत लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. आता त्यांत पोह्यातली मोहरी जाऊन बसते आणि मी टूथपिकने काढत बसते. तरी नकोच!

फिनिश पीयूचं (पॉलियुरेथेन, लाकडावर बसणारा प्लास्टिकसारखा थर) न घेता जवसाच्या तेलाचं आणि मेणाचं घेतलं. पीयूचा थर एकदा फुटला की पाणी खाली शिरतं आणि अख्खा वरचा भाग घासावा लागतो. तेलाचं काम सोपं, जिथे खराब झालं तेवढंच घासायचं आणि तेल लावायचं. पण नाजूकपणाही आहे. गरम कुकरचं पांढरं वर्तुळ पहिल्याच आठवड्यात उमटलं. हळदीचा डाग मात्र पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हाने आपोआप फिका पडत गेला. ओला लोखंडी तवा रात्रभर राहिला, त्याचं काळं चक्र सुताराने ऑक्झॅलिक ॲसिडने काढलं (विषारी आहे, हातमोजे घालूनच). आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

पावसाळ्याची खरी धास्ती होती. लाकूड कितीही जुनं आणि मुरलेलं असलं तरी दमट हवेत रुंदीला फुगतंच. म्हणून वरचा भाग खालच्या चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने धरलाय, सरकायला जागा ठेवून. श्रावणात फळ्या कडेच्या आडव्या पट्टीबाहेर आल्या, नखाला लागतील इतपतच. थंडी पडल्यावर परत आत. तडा कुठेही नाही. तुमचा सुतार फळ्या सगळीकडून फेव्हिकॉलने घट्ट चिकटवतो म्हणाला तर दुसरा सुतार बघा.

खुर्च्यांनी मात्र डोकं खाल्लं. सध्या जिकडेतिकडे चंदीगड खुर्च्यांच्या नकला आहेत. चंदीगड शहर उभारणाऱ्या वास्तुविशारदांपैकी एक, पिएर जानरे, यांच्या काळातल्या मूळ खुर्च्या तिथल्या सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढल्या आणि पुढे परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांनी बोली लागली, तेव्हापासून हे खूळ आहे. मी एका दुकानातून 'अस्सल वेत, इको-फ्रेंडली' म्हणून घेतल्या. दोन खुर्च्यांची वीण प्लास्टिकची निघाली! खालच्या बाजूला ओलं फडकं ठेवलं की कळतं: वेत पाणी पितो, प्लास्टिकवरून ओघळतं. महिनाभर फोन केल्यावर बदलून मिळाल्या. खऱ्या वेताची बैठक सैल पडली तरी हाच उपाय, खालून ओली करायची आणि सावलीत वाळू द्यायची. बऱ्यापैकी ताणून बसते. ज्यांना असली कामं नकोत त्यांनी साध्या लाकडी बैठकीच्या घ्याव्यात.

टेबल घ्या, पण ऑर्डरआधी लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप घ्या. पाय सुटे होतील असे करून मागा. आमचे होत नव्हते, त्यामुळे चौघांनी जिन्याने चढवलं आणि हमालीचे पैसे वेगळे गेले.