टीका कशी हाताळायची यावरचा कोचेससाठीचा ऑनलाइन कोर्स: माझा प्रामाणिक रिव्ह्यू

मी बायकांसाठी फिटनेस कोचिंग करते, जास्त करून डिलिव्हरीनंतर परत व्यायाम सुरू करणाऱ्या आणि चाळिशीपुढच्या बायका असतात माझ्याकडे. रील्स टाकायला लागल्यापासून रात्री कमेंट्स वाचायच्या आणि मग झोपच लागायची नाही असं वर्षभर चाललं, म्हणून हा सहा आठवड्यांचा कोर्स घेतला. नाव लिहीत नाहीये, टीम छोटी आहे आणि मला काही गोष्टी अजिबात पटल्या नाहीत, पण असा कुठलाही कोर्स घ्यायचा विचार असेल तर काय बघून घ्यायचं हे तुम्हाला यातून कळेल.

पहिले दोन आठवडे नुसते सेटिंग्ज. त्यातलं एक खरंच कामाचं निघालं, इन्स्टाग्रामवर एखाद्याला रिस्ट्रिक्ट केलं की त्याची नवी कमेंट आपण मंजूर करेपर्यंत फक्त त्यालाच दिसते आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. मी आतापर्यंत सरळ ब्लॉक करायचे आणि तोच माणूस दुसऱ्या अकाउंटवरून दुप्पट चिडून यायचा. नको असलेल्या शब्दांची यादी करून ठेवायची सोय पण दाखवली, पण त्यांनी दिलेली तयार यादी सगळी इंग्लिश! माझ्याकडे कमेंट्स येतात मराठीत, अर्ध्या देवनागरीत, अर्ध्या रोमनमध्ये, आणि 'जाडी' हा एकच शब्द रोमनमध्ये लोक चार प्रकारांनी टाइप करतात. शेवटी बसून माझी यादी मीच केली. आणि एक गोष्ट त्यांनी सांगायलाच हवी होती, आपल्या क्षेत्रात 'पाळी', 'छाती', 'लघवी' असले शब्द यादीत टाकले तर घाणेरड्या कमेंट्स जातात पण त्यांच्यासोबत खऱ्या प्रश्नांच्या कमेंट्स पण जातात. मी आठ दिवस 'पाळी' टाकून ठेवला होता आणि नंतर लपलेल्या कमेंट्समध्ये एका मुलीचा प्रश्न सापडला की चार महिने पाळी आली नाही, व्यायाम चालू ठेवू का. असा प्रश्न आठ दिवस पडून राहिला याचं मला फार वाईट वाटलं.

कोर्सचे पैसे वसूल झाले ते चौथ्या आठवड्यात. होमवर्क होतं की सगळ्यात जास्त लागलेल्या दहा कमेंट्स घेऊन या आणि प्रत्येक कमेंटचे दोन भाग करा, माझ्याबद्दल काय म्हटलंय आणि माझ्या कामाबद्दल काय म्हटलंय. माझी एक नंबरची कमेंट एका जंपिंगच्या रीलवरची होती. रीलमध्ये मी सांगितलं होतं की डिलिव्हरीनंतर उड्या मारताना थोडी लघवी लीक होणं नॉर्मल आहे, पॅड लावा आणि चालू ठेवा. खाली एका बाईने लिहिलं होतं, "बायकांना चुकीचं शिकवून पैसे कमवता, लाज वाटत नाही का. कॉमन आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही, पेल्विक फ्लोअर फिजिओकडे पाठवा." (पेल्विक फ्लोअर म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय खालून तोलून धरणारे स्नायू.) मी ती कमेंट तेव्हाच डिलीट केली होती पण शब्द न् शब्द पाठ होता.

आता भाग केले तर पहिलं वाक्य माझ्याबद्दल, बाकी सगळं कामाबद्दल, आणि बाकी सगळं बरोबर होतं. अशा लीकसाठी पहिला उपाय म्हणून किमान ३ महिने देखरेखीखाली पेल्विक फ्लोअरचे व्यायाम सुचवतात आणि बऱ्याच जणींना त्याने फरक पडतो. मी मात्र 'लाज' या शब्दावर अडकून बसले आणि पुढचं वाचूनही वाचलं नाही. ते रील काढलं, नवीन टाकलं आणि त्यात सरळ म्हटलं की मी आधी चुकीचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझीच एक क्लायंट म्हणाली, ताई, मला पण होतं, पण तुम्हीच नॉर्मल म्हणालात म्हणून बोलले नाही. ते ऐकून मला खूप रडू आलं.

उलट उदाहरण पण सांगते. गरोदर बायकांच्या वेट्सच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं, बाळाला काही झालं तर जबाबदार कोण. पूर्वी मी अशा माणसाशी रात्रभर भांडले असते. आता एकच उत्तर देते, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम एरोबिक व्यायाम (चालण्यासारखा, दम वाढवणारा) सांगितलाय, सोबत स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी कुणालाही सुरू करत नाही. दुसरं उत्तर द्यायचं नाही. हे उत्तर त्याच्यासाठी नसतंच, खाली गप्प वाचत बसलेल्या बायकांसाठी असतं, हा मुद्दा कोर्समधल्या ट्रेनरने फार छान समजावला.

जुन्या क्लायंटने जाहीर तक्रार केली तर तिचे चॅट टाकून स्वतःची बाजू मांडायची नाही, हेही पटलं. तिची तब्येत हा तिचा खाजगी विषय आहे, भले त्यात आपण खोटे ठरू.

जे नाही आवडलं ते क्लायंटच्या फोटोंबद्दलचं. कोर्स म्हणतो लेखी परवानगी घ्या, झालं. माझ्या एका क्लायंटची पाळी कमी खाऊन जास्त व्यायाम केल्यामुळे थांबली होती (व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडल्यामुळे शरीरावर होणाऱ्या अशा परिणामांना आरईडी-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये हे नाव दिलं), कशीबशी खायला लागली होती, आणि तिच्या फोटोखाली कौतुकाचीच कमेंट आली, "अजून दोन किलो गेले की एकदम मस्त." शिवी नाही, ट्रोल नाही, कुठल्याच फिल्टरमध्ये अडकणार नाही, आणि तिने तीन दिवस परत जेवण कमी केलं. मी लाइव्ह सेशनमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, पॉझिटिव्ह कमेंट आहे, सोडून द्या. हे मला आजही मान्य नाही. मी क्लायंटचे फोटो टाकणं बंद केलं. डीएमबद्दल पण पूर्ण कोर्समध्ये एक शब्द नाही, आणि बायका कोच असतील तर खरा त्रास तिथेच होतो.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. घेतलात तर पहिले दोन आठवडे भरभर बघा आणि चौथ्या आठवड्याला वेळ राखून ठेवा, आणि त्या दहा कमेंट्समध्ये डिलीट केलेल्या पण आठवून लिहा.